शेंगेन व्हिसा: घरच्यांना युरोपात बोलावताना आणि स्वतः जाताना पडणारे प्रश्न

पुतणी लग्न होऊन श्टुटगार्टला गेली आणि तेव्हापासून आमच्या घराण्यातलं व्हिसाचं खातं माझ्याकडे आलं. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे कागदांची मला भीती वाटत नाही, एवढंच माझं क्वालिफिकेशन. दीर-जाऊ, व्याही, शेजारचे काका, त्यांचे साडू असं करत करत बऱ्याच फायली हाताखालून गेल्या. कागद कमी पडला म्हणून व्हिसा नाकारल्याची उदाहरणं त्यात थोडी. कागद एकमेकांशी भांडत होते म्हणून नाकारल्याची जास्त. खालचे प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर सवाष्णीच्या जेवणात विचारले गेलेले आहेत. उत्तरं भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांसाठी आहेत. फी आणि नियम बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या त्या दूतावासाची वेबसाइट उघडून यादी पडताळून घ्या.

शेंगेन म्हणजे नेमके कोणते देश? युरोप म्हणजेच शेंगेन ना?

नाही, आणि या गैरसमजातून पुढचे निम्मे घोळ होतात. शेंगेन हे लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या एका छोट्या गावाचं नाव. तिथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. एका व्हिसावर या सगळ्यांत फिरता येतं.

युरोपीय संघ आणि शेंगेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनश्टाइन संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. उलट आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, आणि बल्गेरिया व रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. त्यामुळे जुन्या याद्या पाहून कुणी 'रोमानियाला वेगळा व्हिसा लागतो' म्हणालं, तर ती माहिती शिळी आहे.

आम्ही चार देश फिरणार. व्हिसा कुणाकडे मागायचा?

ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दिवस समान असतील, तर ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरणार, त्याच्याकडे. स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, पॅरिसमध्ये तीन, इटलीत तीन असा कार्यक्रम असेल, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे.

'अमुक देशाची अपॉइंटमेंट पटकन मिळते, तिथून व्हिसा काढा आणि कुठेही फिरा' हा सल्ला सर्रास दिला जातो. देऊ नका आणि घेऊही नका. खोटा कार्यक्रम दाखवून घेतलेला व्हिसा सीमेवर रद्द होऊ शकतो, आणि तो शेरा पुढच्या अर्जात आडवा येतो. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळत असेल, तर खरोखर तिथेच जास्त दिवस राहा की! ऑस्ट्रिया काय वाईट आहे?

अर्ज कधी करायचा?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, आणि अधिक तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत वेळ जातो. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल, तर संक्रांतीच्या सुमारास तारखा बघायला लागा. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांना उरलेसुरले दिवस मिळतात.

खर्च किती येतो?

११ जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. सहा वर्षं पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना काहीच नाही. याशिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. कुरियर, एसएमएस, प्रीमियम लाउंज हे सगळं ऐच्छिक असतं. काउंटरवर सवयीने 'हो' म्हणू नका. व्हिसा नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट कसा हवा?

शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला. मुदत काठावर असेल तर आधी पासपोर्ट नवा करा, मग व्हिसाच्या मागे लागा. जुन्या पासपोर्टवर आधीचे व्हिसा असतील तर तोही अर्जासोबत जोडा. आधी गेलो आणि वेळेत परत आलो, याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही.

आईच्या पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. काय करायचं?

मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे बाईचं लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि जुन्या पिढीत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचं. म्हणजे जन्मदाखल्यावर कुमुद दत्तात्रय, बँकेत सुनंदा वसंत, आणि आधारवर सुनंदाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. युरोपातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात.

अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहायचं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असेल, तर अर्जातही तिथेच. फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव विचारणारा एक स्वतंत्र रकाना असतो. माहेरचं आडनाव तिथे जातं. अनेकजण तो रिकामा सोडतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं, आणि पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा करायचा. विमानाचं तिकीट आणि विमा याही कागदांवर पासपोर्टचंच नाव हवं.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असेल आणि पूर्ण नाव 'गिव्हन नेम'मध्ये कोंबलेलं असेल, तर शक्य असल्यास पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. तसं नाव घेऊन प्रवास होतो, पण प्रत्येक ऑनलाइन फॉर्म अडून बसतो.

खात्यात किती पैसे दाखवावे लागतात?

प्रत्येक देशाचा रोजच्या खर्चाचा आपला हिशोब असतो, आणि राहायची सोय नातेवाइकांकडे आहे की हॉटेलात, यावरही तो बदलतो. त्यामुळे सगळ्यांना लागू पडणारा एकच आकडा नाही. पण आकड्यापेक्षा त्या आकड्याची चाल महत्त्वाची, हे मी बँकेच्या काउंटरमागून सांगू शकते. तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात ते यासाठीच. दरमहा पगार किंवा पेन्शन जमा होतं, घरखर्च निघतो, थोडं शिल्लक राहतं, असं खातं दोन-अडीच लाखांचं असलं तरी विश्वासार्ह दिसतं. सहा महिने बारा हजारांवर रेंगाळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात पाच लाख येऊन पडले, की पहिला प्रश्न येतो: हे कुणाचे?

मुलाने पैसे पाठवले असतील तर तसं लिहा आणि त्याचं स्टेटमेंट जोडा. मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती जोडा. लपवण्यासारखं काही नसतंच मुळी, फक्त सांगायचं राहून जातं. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. मुदत ठेवी, पीपीएफ, म्युच्युअल फंड हे जोडकाम आहे. मुख्य आधार रोजच्या वापरातल्या बचत खात्याचाच. आयकर विवरणपत्रंही मागतात. गेल्या दोन-तीन वर्षांची तयार ठेवा, आणि त्यातलं उत्पन्न व स्टेटमेंटमधली आवक एकमेकांच्या जवळपास आहे ना, हे स्वतः एकदा ताडून पाहा.

आमची शेती आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मग आयटीआर कुठून आणू?

शेतकरी म्हणून अर्ज करा आणि शेतीचे कागद द्या. 'बिझनेस' लिहून खोटी फर्म उभी करण्याची गरज नाही, आणि तसं सुचवणारा एजंट बदला. सातबारा आणि आठ-अ काढा, ऊस असेल तर कारखान्याच्या बिलाच्या पावत्या आणि भाजीपाला-कांदा असेल तर बाजार समितीच्या पट्ट्या जोडा. ते पैसे बँकेत जमा झालेले दिसले पाहिजेत. रोखीत सगळा व्यवहार करणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. 'जिरायत', 'बागायत', 'भोगवटादार' यांचं भाषांतर भाषांतरकाराने समजून केलेलं बरं. एका फाइलमध्ये 'पोटखराबा'चं, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या तुकड्याचं, शब्दशः इंग्रजी होऊन जमिनीला पोटदुखी झाली होती.

आणि परत येण्याचं कारण? पेरणी आणि तोडणीच्या तारखांपेक्षा भक्कम कारण मला तरी माहीत नाही. कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा.

आई गृहिणी आहे, बाबा निवृत्त. त्यांचं काय?

निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होतं त्या खात्याचं स्टेटमेंट द्यावं. गृहिणींनी नवऱ्याचे आर्थिक कागद, विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं खर्च उचलत असल्याचं पत्र. माझ्या एका मामेबहिणीचा अर्ज एजंटने भरला आणि तिला 'हाउसवाइफ' करून टाकलं. प्रत्यक्षात ती निवृत्त मुख्याध्यापिका, सोबत तिचंच पेन्शनचं स्टेटमेंट! कागद आणि फॉर्म एकमेकांना खोटं पाडत होते. व्हिसा आला नाही. दुसऱ्यांदा तिने स्वतः फॉर्म भरला आणि आला. फॉर्म कुणीही भरो, सही करण्याआधी स्वतः वाचा.

नोकरी करणाऱ्यांना ऑफिसचं ना हरकत पत्र लागतं. रजेच्या तारखा प्रवासाच्या तारखांशी जुळणाऱ्या हव्यात.

आधी तिकीट काढायचं की आधी व्हिसा?

आरक्षण लागतं, पैसे भरून काढलेलं तिकीट सहसा लागत नाही. बहुतेक दूतावास स्वतःच सांगतात की व्हिसा हाती येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका. रद्द करता येईल असं बुकिंग करा. मात्र बनावट पीएनआर असलेला कागद जोडू नका. तो तपासणं दोन मिनिटांचं काम आहे. हॉटेलचंही तसंच: व्हिसा येईपर्यंत बुकिंग जिवंत ठेवा.

मुलगी जर्मनीत आहे, तिने काय पाठवायचं?

साधं आमंत्रणपत्र, तिच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, घराचा पत्ता. तुमचं नातं दाखवणारा जन्मदाखलाही. तुमचा खर्च ती उचलणार असेल, तर साध्या पत्राने भागत नाही. जर्मनीत तिला परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून 'फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग' करून आणावं लागतं. उच्चार जमला नाही तरी चालेल, मूळ प्रत मात्र हवी. त्यासाठी ती आपल्या पगाराचे कागद दाखवते आणि तुमच्या खर्चाची कायदेशीर हमी देते. त्या कार्यालयाची तारीख मिळायलाच कधी कधी आठवडे जातात, म्हणून सुरुवात तिथून करा. फ्रान्समध्ये घरी पाहुणे ठेवणाऱ्याला नगरपालिकेतून 'अतेस्तासियाँ दाक्यूय' नावाचा दाखला घ्यावा लागतो. बाकी देशांचे असेच आपापले नमुने आहेत.

विमा कोणताही चालतो का?

किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी. व्हिसासाठी एवढं पुरेसं. तुमच्यासाठी मात्र ते पुरेसं असेलच असं नाही. सत्तरीच्या वडिलांना मधुमेह आणि स्टेंट असेल, तर स्वस्तातल्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. ती बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईलाच जावं लागेल का?

दरवेळी नाही. काही देशांचे अर्ज पुण्यातल्या केंद्रातही घेतात. कोणते, ते अपॉइंटमेंट घेताना दिसतं. केंद्रातली माणसं फक्त कागद आणि ठसे गोळा करतात. निर्णय दूतावासाचा, कुणाचा मुंबईत होतो तर कुणाचा दिल्लीत. म्हणून काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही, आणि तिने 'सगळं ठीक आहे' म्हटलं म्हणजे व्हिसा आला असंही नाही.

एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांतला. कष्टाची कामं करणाऱ्यांचे किंवा म्हाताऱ्या माणसांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा चारदा प्रयत्न करतात. घाबरू नका, आदल्या रात्री हातांना थोडं खोबरेल तेल लावून ठेवा आणि जाताना हात धुऊन जा.

नातू आईबरोबर जातोय, वडील इथेच आहेत.

अल्पवयीन मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, आणि सोबत न जाणाऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. आजी-आजोबांबरोबर जात असेल तर दोघांचंही. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश.

मुलीच्या बाळंतपणाला जायचंय. तीन महिने राहता येतं ना?

तीन महिने नाही, ९० दिवस. या फरकात माणसं अडकतात. १ मेला पोचलात आणि ३१ जुलैला निघालात, तर घरच्या कॅलेंडरवर तीन महिने होतात, पण दिवस भरतात ९२. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ मेपासून नव्वदावा दिवस २९ जुलैला येतो.

आणि हे ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांत मिळून आहेत. म्हणजे आज ज्या दिवशी तुम्ही तिथे उभे आहात, तिथून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यातले शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जाता कामा नये. वरच्या उदाहरणात २९ जुलैला परत आलात, तर पुन्हा २८ ऑक्टोबरपासून जाता येईल, अर्थात व्हिसा तोवर वैध असेल तर. मधल्या काळात एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन मोजणी शून्यावर येत नाही. जर्मनीतून क्रोएशियाला जाऊन आल्याने काही होत नाही.

बाळ उशिरा आलं म्हणून मुक्काम वाढवून मिळत नाही. गंभीर आजारपण किंवा विमानं बंद पडणं अशी हाताबाहेरची कारणं असतील तरच तिथल्या कार्यालयाकडे मुदत संपण्याआधी अर्ज करायचा. म्हणून प्रसूतीच्या तारखेच्या महिनाभर आधी पोचायची घाई करू नका. दिवस शेवटी जास्त लागतात, हे डिंकाचे लाडू केलेल्या कुठल्याही आजीला माहीत आहे. नव्वदच्या वर राहायचं असेल तर त्या देशाचा 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि नुसत्या भेटीसाठी तो सहसा मिळत नाही.

व्हिसा आला! त्यावरच्या तारखा कळत नाहीत.

स्टिकरवर तीन गोष्टी बघा. 'पासून-पर्यंत' ही व्हिसा वापरायची खिडकी. 'मुक्कामाचे दिवस' हा प्रत्यक्ष राहता येईल असा आकडा. 'प्रवेश' म्हणजे आत किती वेळा शिरता येईल: ०१, ०२ किंवा मल्ट, म्हणजे अनेकदा.

खिडकी मुक्कामापेक्षा साधारण १५ दिवसांनी मोठी ठेवतात, विमान पुढे-मागे झालं तर असू दे म्हणून. २० दिवसांचा मुक्काम आणि ३५ दिवसांची खिडकी पाहून आमचे एक नातेवाईक '३५ दिवस मिळाले' म्हणून पेढे वाटून आले होते. मिळाले होते वीसच. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा हातात आल्या आल्या तपासा. चूक असेल तर लगेच कळवा, निघायच्या आदल्या दिवशी नाही.

पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत येऊ का?

लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल. आणि तुमच्या शेंगेन व्हिसावर एकच प्रवेश असेल, तर पॅरिसहून लंडनला गेल्यावर तो संपला. परतीचं विमान झ्युरिकहून असेल तर तिथे पोचताच येणार नाही. अर्ज भरतानाच दोन प्रवेश मागा आणि कार्यक्रमात लंडन दाखवा.

व्हिसा नाकारला. आता?

नकाराचा एक ठरावीक छापील नमुना असतो आणि त्यावर कारणांपुढे खुणा केलेल्या असतात. बहुतेकांच्या वाट्याला दोन खुणा येतात: प्रवासाच्या हेतूबद्दलची माहिती विश्वासार्ह नाही, किंवा मुदत संपण्याआधी परत जाल याची खात्री वाटत नाही. दुसरी खूण तरुण, अविवाहित, नवी नोकरी असलेल्यांच्या नशिबी जास्त. वाचून अपमान झाल्यासारखं वाटतं, ते स्वाभाविक आहे.

अपिलाचा हक्क असतो, पद्धत प्रत्येक देशाची वेगळी आणि मुदतीची. जर्मनीत पूर्वी दूतावासालाच फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता न्यायालय किंवा नवा अर्ज. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी नवा अर्ज करावा, पण फाइल खरोखर बदलून. तेच कागद नव्या तारखेने पाठवले तर उत्तरही तेच येतं. आधीचा नकार लपवू नका. तो सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहतो आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसतो.

'शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्या एजंटांबद्दल एवढंच: व्हिसा देणारा माणूस त्यांना ओळखत नाही.

सारखं जावं लागतं. जास्त मुदतीचा व्हिसा मिळतो का?

मिळतो, आणि भारतीयांसाठी हे आता सोपं झालंय. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम शिथिल केले. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी उरली असेल तर. म्हणजे पासपोर्ट संपायला वर्ष राहिलं असताना अर्ज केला, तर आपलाच तोटा. पाच वर्षांचा मिळाला तरी १८० दिवसांत ९० चा नियम सुटत नाही.

अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलायचंय.

विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातून बाहेर न पडता विमान बदलण्यालाही काही देश भारतीयांकडून वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा असेल तर सहसा त्यातून सूट असते. हे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी बघा. दोन वेगळी तिकिटं काढून मध्ये सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल, किंवा मुंबई-फ्रँकफर्ट-पॅरिस-न्यूयॉर्क असा दोन शेंगेन विमानतळांवरून प्रवास असेल, तर तुम्ही शेंगेनच्या आत शिरलात. तिथे पूर्ण व्हिसाच लागतो. चार हजार वाचवणारं तिकीट इथे अंगाशी येतं.

व्हिसा आहे म्हणजे प्रवेश नक्की ना?

नक्की नाही. सीमेवरचा अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पैसे, विमा काहीही मागू शकतो. सगळ्याच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे, ती तुम्हाला तपासणीनंतर मिळते. आईबाबा एकटेच जात असतील तर मुलीचा पत्ता, फोन आणि 'व्हिजिटिंग डॉटर, सिक्स्टी डेज' एवढं कागदावर लिहून द्या. प्रश्न साधे असतात: कुठे, किती दिवस, कुणाकडे. 'मदतीला आलो' असं उत्साहाने सांगू नका. मदत म्हणजे काम असा अर्थ लागू शकतो, आणि या व्हिसावर काम करता येत नाही. लेकीला भेटायला आलो, बास.

रोख दहा हजार युरो किंवा जास्त असतील तर ते जाहीर करावे लागतात.

पासपोर्टवर शिक्के मारणं बंद झालं म्हणतात?

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळीकडे लागू करायचं ठरलं. शिक्क्याऐवजी आत-बाहेरची नोंद संगणकात होते, चेहऱ्याचा फोटो घेतात. तुमचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. याचा खरा परिणाम नव्वद दिवसांच्या हिशोबावर होतो: पूर्वी पुसट शिक्का वाचताना अधिकारी डोळेझाक करायचा, संगणक करत नाही. शिवाय 'एटियास' नावाची जी ऑनलाइन परवानगी येऊ घातलीय, ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला तिचा संबंध नाही, तिच्या नावाने पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

बाबांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे. अडवतील का?

नाही. ईसीआर म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा. तो आखाती आणि इतर मिळून १८ ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू आहे. युरोपात लेकीकडे जाणाऱ्याला नाही.

आम्ही गोव्याचे. नवऱ्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे, माझ्याकडे भारताचा. मलाही व्हिसा लागेल?

लागेल, पण तुमचा रस्ता वेगळा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या नावावर पोर्तुगीज नागरिकत्व असलेली अनेक कुटुंबं आहेत. युरोपीय नागरिकाचा जोडीदार म्हणून तुम्ही त्याच्यासोबत पोर्तुगालखेरीज दुसऱ्या शेंगेन देशात जात असाल, तर व्हिसाची फी नाही आणि कागदही कमी. नातं आणि सोबतचा प्रवास दाखवायचा. पोर्तुगालला जाताना मात्र पोर्तुगालचे स्वतःचे नियम लागतात. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नवऱ्याने भारतीय पासपोर्ट परत केलेला असला पाहिजे, आणि गोव्यात यायला त्याला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा लागतो.

लेकीसाठी काय काय नेता येईल?

व्हिसा मिळाला की खरा प्रश्न हाच असतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, चक्का घरी ठेवा. आपण 'घरचं आहे' म्हटल्याने सवलत मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक प्रमाणात सूट आहे.

ताजी फळं, भाज्या आणि पानांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. हापूसची पेटी त्यात बसत नाही, आणि ताजा कढीपत्ताही नाही. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतातून आंब्याची आयातच थांबवली होती आणि २०१५ मध्ये ती पुन्हा खुली केली, त्यावरून ते हे किती मनावर घेतात ते समजा. गोडा मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, भाकरवडी, वाळवलेला कढीपत्ता, तेलातलं लोणचं नीट पॅक करून न्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मुक्कामापुरती.

कोकणातल्या मंडळींसाठी चांगली बातमी अशी की माशांना वेगळा नियम आहे. स्वतःच्या खाण्यासाठी २० किलोपर्यंत मासळी नेता येते, सुकी धरून. तेव्हा सुके बोंबील कायद्याने चालतात. फक्त तीन पिशव्यांत गुंडाळा, आणि ती बॅग जावयाच्या गाडीत कुठे ठेवायची ते आधी विचारून घ्या.